उत्क्रांती आजही सुरूच; छत्तीसगढमधील सिकलसेलचा दाखला

उत्क्रांती म्हटले की लक्षावधी वर्षांपूर्वीचे जीवाश्म डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात ही प्रक्रिया थांबलेली नाही. रायपूर येथील सिकलसेल संस्थेत येणाऱ्या रुग्णांच्या रक्तातही तिच्या खुणा आढळतात.

एखाद्या जीवसमूहातील आनुवंशिक गुणांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाणे, म्हणजे उत्क्रांती. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकात एकच सूक्ष्म बदल झालेला असतो. त्यामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात.

इतका घातक दोष नष्ट का झाला नाही? याचे उत्तर हिवतापात आहे. सदोष जनुक आई व वडील अशा दोघांकडून आल्यास आजार होतो. ते एकाकडूनच आल्यास ती व्यक्ती केवळ वाहक ठरते, आणि वाहकांना तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून हे दाखवून दिले. रक्तदोष आणि हिवताप यांच्यातील अशा संबंधाची कल्पना जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्येच मांडली होती. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले.

छत्तीसगढ, विदर्भ, ओडिशा हा जंगलपट्टा दीर्घकाळ हिवतापग्रस्त राहिला. त्यामुळे येथे वाहक अधिक संख्येने जगले आणि हे जनुक टिकून राहिले. हिवताप ओसरला की वाहकांचा हा लाभ संपतो. निवडीची दिशा बदलते. मात्र जनुक लगेच नाहीसे होत नाही. माता-पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

हिवतापाचा परजीवीही स्वस्थ बसलेला नाही. रक्तातील त्याचे एक चक्र सुमारे ४८ तासांत पूर्ण होते, त्यामुळे त्याची उत्क्रांती वेगाने घडते. जलद तपासणी संच फॅल्सिपॅरम हिवताप ओळखतात तो एचआरपी-२ या प्रथिनावरून. हे प्रथिन बनवणारे जनुकच गमावलेले परजीवी छत्तीसगढसह देशातील अनेक राज्यांत आढळले आहेत. असा परजीवी तपासणीतून निसटू शकतो, रुग्ण उपचाराविना राहतो आणि डासांमार्फत त्याचाच प्रसार होतो. येथे तपासणी हीच निवडीचे साधन ठरते.

सिकलसेलच्या उच्चाटनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट असलेल्या या मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि विवाहपूर्व समुपदेशन यांवर भर आहे. निसर्गाने हिवतापाच्या छायेत जपलेल्या जनुकाचे पुढे काय होणार, हे आता माणसाच्या निर्णयांवरही अवलंबून आहे.