नृत्यकलावंतांच्या सह्या व जुने पोशाख : माल पारखून घ्यावा

काही महिन्यांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण पत्र्याची पेटी घेऊन दुकानात आला. त्याचे आजोबा मुंबईस गोदीत नोकरीला होते आणि सिनेमाचे मोठे शौकीन. पेटीत सिनेमाच्या गाण्यांच्या चाळीसएक चोपड्या व काही फोटो निघाले. "चाचा, रद्दीवाला किलोवर मागतो आहे. देऊन टाकू?" मी म्हटले, "थांब जरा." अशा पेट्या आपल्या जिल्ह्यात आणखी घरांत माळ्यावर पडल्या असतील, म्हणून हे लिहीत आहे.

नाचाच्या दुनियेतील सह्या, फोटो, कार्यक्रमपत्रिका व पोशाख जमविणारे लोक जगभर आहेत. दियागिलेव्हच्या रशियन बॅले मंडळीचे पोशाख लंडनमध्ये १९६८ व १९७३ साली लिलावात निघाले. त्यातले बरेचसे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आज जपून ठेवलेले आहेत. आपल्याकडेही माल कमी नाही. अ‍ॅना पाव्हलोव्हा ही रशियन नर्तकी मुंबईत नाचून गेली, १९२३ मध्ये उदय शंकर लंडनला तिच्याबरोबर नाचले, आणि मॅडम मेनका यांची मुंबईची मंडळी १९३६ साली बर्लिनला गेली. त्यानंतर सिनेमाचा जमाना आला. गोपीकृष्ण व संध्या यांचा 'झनक झनक पायल बाजे' १९५५ चा, तर लच्छू महाराजांनी नृत्ये बसविलेला 'मुगल-ए-आझम' १९६० चा. सिनेमाच्या चोपड्या, पोस्टर व फोटो पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाने १९६४ पासून जमविले आहेत. जी वस्तू सरकार सांभाळून ठेवते ती आपण किलोने का द्यावी?

तथापि या बाजारात नकली माल भरपूर आहे. मी स्वतः फसलो आहे. मुंबईच्या एका दुकानातून एका नामवंत नर्तिकेचा सही केलेला फोटो मी चांगली रक्कम मोजून घेतला. घरी भिंगाखाली धरला तेव्हा सहीची रेघ बारीक ठिपक्यांची निघाली, म्हणजे सही फोटोबरोबरच छापलेली होती. पावती घेतली नव्हती, त्यामुळे बोलणेच खुंटले. शाईची खरी सही फोटोच्या चकाकीवर बसते व तिरप्या उजेडात वेगळी दिसते. पेनचा प्रकारही पाहावा. बॉलपेन बाजारात आले १९४५ च्या सुमारास आणि पाव्हलोव्हा वारली १९३१ मध्ये. तेव्हा बॉलपेनने केलेली तिची सही कोणी दाखविली तर हसून सलाम करावा व निघावे.

दुसरी परीक्षा दुकानदारांना सहज जमेल. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा आपल्या गल्ल्यावर असतो. टिनोपाल घातलेले कापड त्याखाली निळसर-पांढरे चमकते हे आपण जाणतो. कागदातही तसलीच पावडर १९५० च्या सुमारापासून पडू लागली. १९३० ची म्हणून दाखविलेली पत्रिका दिव्याखाली झगझगली तर ती नंतर छापलेली समजावी. कापडाच्या बाबतीत मात्र घाई करू नये, कारण जुना पोशाखही मागाहून कोणी टिनोपालमध्ये बुडविलेला असू शकतो.

पोशाखात आपला कापडवाल्यांचा हात पुढे आहे. शिवणीच्या आतला एक धागा काढून जाळावा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो व राख चुरते. नायलॉन किंवा टेरीलीन वितळून कडक मणी होतो. १९३६ च्या पोशाखाच्या मूळ शिवणीत टेरीलीनचा धागा असूच शकत नाही. जरीही पाहावी. प्लास्टिकची जर ज्योतीजवळ आक्रसते, चांदीची आक्रसत नाही.

कोकणात खरा दुश्मन पावसाळा. कागद लॅमिनेट करू नये, सेलोटेप लावू नये. पोशाख प्लास्टिकच्या पिशवीत कोंडला तर बुरशी ठरलेली. मांजरपाटात गुंडाळावा, पण कोऱ्या मांजरपाटाला खळ असते व तिच्यावर कसर येते. म्हणून ते आधी दोनदा धुऊन घ्यावे. जरीची घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदलावी, नाहीतर त्याच रेघेवर चिरते.

आखातात किंवा लंडनला नातेवाइकांमार्फत माल पाठविणाऱ्यांनी १९७२ चा पुरावस्तू कायदा ध्यानात ठेवावा. शंभर वर्षांवरील कलावस्तू व पंचाहत्तर वर्षांवरील महत्त्वाची हस्तलिखिते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. देशातल्या देशात घ्या-विका, पण बिलावर वस्तूचे पूर्ण वर्णन आणि ती कोणाकडून आली हे लिहून घ्या. ज्या वस्तूचा मागचा मालक माहीत आहे तिला गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देते.

त्या पेटीतल्या एका चोपडीवर उर्दूत सही होती. मुंबईच्या दलालाने ती एका नर्तकाची म्हणून वेगळा भाव सांगितला. मी उर्दू शाळेत शिकलेला. वाचले तर मुलाच्या आजोबांचे नाव, खाली तारीख. दलालाला तसे स्पष्ट सांगितले. बाकीच्या चोपड्या बिल करून रद्दीच्या कितीतरी पट भावाने गेल्या, ही एक मुलाने घरी ठेवली.