आयपी पत्ता, अटक आणि पोलिसांचे कवच
2007 साली ऑर्कुट या समाजमाध्यमावर शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर आला आणि पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. सुमारे 50 दिवस तो तुरुंगात होता. इंटरनेट कंपनीने आयपी पत्त्यावरून कळवलेले नावच चुकीचे होते.

अशा तपासात पोलीस आधी संकेतस्थळाकडून आयपी पत्ता आणि वेळ मागवतात, मग तो पत्ता त्या क्षणी कोणाकडे होता हे इंटरनेट कंपनीला विचारतात. पत्ता बहुधा कायमचा नसतो. सकाळी एकाकडे, रात्री दुसऱ्याकडे. जागतिक वेळेतली नोंद भारतीय वेळ समजून वाचली, तर साडेपाच तासांचा घोळ होतो आणि भलताच माणूस अडकतो. मोबाइलवर तर एकाच पत्त्यामागे एकाच वेळी अनेक ग्राहक असतात. तिथे नेमका ग्राहक ओळखायला पोर्ट क्रमांकही लागतो. एवढे करून हाती येते ते ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याचे नाव. मजकूर टाइप कोणी केला, हे वेगळे शोधावे लागते.

मग चुकीच्या अटकेबद्दल अधिकाऱ्यावर थेट खटला का भरता येत नाही? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 218 (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 197) सांगते की, कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय न्यायालय दखल घेणार नाही. मूळ तरतूद सरकारच ज्यांना पदावरून काढू शकते अशांपुरती आहे. पण सुव्यवस्था राखणाऱ्या दलांना हे संरक्षण देण्याची मुभा राज्यांना आहे, आणि महाराष्ट्राने 1979 मध्ये अधिसूचना काढून ते पोलिसांना दिले. अधिकाराचा अतिरेक झाला, तरी कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध असेल तर मंजुरी लागतेच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटले. मला हे कवच फार जाड वाटते.

दुसरा बचाव सद्भावनेने झालेल्या चुकीचा. त्याला मात्र कायद्यानेच अट घातली आहे: योग्य काळजी न घेता केलेले कृत्य सद्भावनेचे ठरत नाही. वेळेची नोंद पडताळून न पाहता केलेली अटक इथे टिकू नये.

शिवाय मंजुरीची अट फौजदारी खटल्यापुरतीच आहे. मूलभूत हक्कांच्या भंगासाठी उच्च न्यायालय राज्याकडून भरपाई देववू शकते. 7 वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावले. अटक गरजेची नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. तोतयेगिरीने केलेल्या ऑनलाइन फसवणुकीला माहिती तंत्रज्ञान कायद्यात 3 वर्षांपर्यंतच शिक्षा आहे, म्हणजे तिथेही हेच लागू होते. अर्नेश कुमार खटल्यातला आदेश मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर विभागीय कारवाई होऊ शकते, न्यायालयाच्या अवमानाचीही, आणि त्यासाठी कलम 218 ची मंजुरी लागत नाही.