घरचं सुतारकाम (भाग 6) : रंधा खाली ठेवल्यावर काय प्यावं?

सुतारकामाचा बराच वेळ थांबण्यात जातो. सांध्याला फेव्हिकॉल लावून क्लॅम्प आवळला, की काही तास त्याला हात लावायचा नाही; पुरती ताकद यायला साधारण 24 तास लागतात. पॉलिशचा एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. मागच्या भागात सांधे पाहिले. आज या मधल्या वेळात प्यायच्या पेयांबद्दल. कामानुसार पेय निवडलं तर बैठक रंगते, आणि कधीकधी तेच पेय लाकडाच्याही कामी येतं.

पहिला मान चहाचा आणि चहाच्या ट्रेचा. दांडेली-हल्याळची जंगलं धारवाडच्या पश्चिमेला फार लांब नाहीत, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत सागवान हमखास असतं. एखादी जुनी चौकट मोडली, तर तिच्या फळीतून देखणा ट्रे होतो. फळी आंब्याची किंवा पॅकिंगच्या पाइनची फिकट असली, तरी हरकत नाही; तिला चहाच्याच मदतीने गडद करता येतं. आधण ठेवतानाच थोडं पाणी जास्त घ्यावं. दूध घालण्यापूर्वी त्यातला कोरा, कडक चहा बाजूला गाळून गार करावा आणि घासून गुळगुळीत केलेल्या लाकडावर त्याचे दोन हात द्यावेत. दूध मात्र नको, कारण त्यातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात. चहा वाळला की लोखंडी स्टीलवूल रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवून गाळलेलं पाणी वरून फिरवावं. लोह आणि टॅनिन एकत्र येतात आणि बघता बघता लाकूड काळसर होतं. हिरडा आणि हिराकशीच्या जुन्या शाईमागेही हेच रसायन होतं. स्टीलवूलच्या बरणीचं झाकण सैल ठेवावं, कारण आत हायड्रोजन तयार होतो.

चहाबरोबर हुबळीचं गिरमीट (भोक पाडायचं नव्हे, चुरमुऱ्यांचं!) आणि मिरची भजी आलीच! फक्त खाऊन झाल्यावर हात साबणाने धुवावेत. कच्च्या लाकडावर तेलकट बोटं उमटली की पॉलिश तिथे नीट धरत नाही.

ट्रेला चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश देऊ नये. लाकूड त्याने सुंदर खुलतं, पण गरम कपाखाली त्यावर पांढरं वर्तुळ उमटतं, आणि मद्य सांडलं तर लाख विरघळते, कारण ती मुळात स्पिरिटमध्येच विरघळवलेली असते. ट्रेसाठी पीयू (पॉलियुरेथेन) बरं. लाखेचं पॉलिश करायचंच असेल, तर ते स्पिरिट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नये. ते विषारी असतं आणि त्यात बहुधा मिथेनॉल मिसळलेलं असतं. जुलै 1981 मध्ये बंगळुरूत मिथेनॉलमिश्रित दारूने तीनशेहून अधिक माणसं दगावली. बिअर किंवा आणखी काही घ्यायचं असेल, तर ते यंत्राचा प्लग काढून, पटाश्या पेटीत गेल्यानंतरच.

उन्हाळ्यात घासकाम गच्चीवर निघतं. तेव्हा शिरसी-कुमट्याकडून येणाऱ्या कोकमाचं सरबत हवं, चिमूटभर मीठ घालून. पेल्यावर झाकण आणि नाकावर मास्क असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाला निश्चित कर्ककारक ठरवलं आहे.

आणि ताक! ते घुसळणारी रवी घरी करणं हा या लेखमालेतला सगळ्यांत आनंदाचा प्रकल्प. दांडा वेगळा करावा, बोंडाला खाचा पाडाव्यात, कडा मऊ घासाव्यात. रवीला पॉलिश नको, तेल पुरे. पण ते कोणतं, यात गंमत आहे. घरात सहज सापडणारं शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, चिकट राहतं आणि पुढे खवट होतं. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतं. धारवाडकडच्या जेवणात जवसाची चटणी असतेच, त्यामुळे हा पदार्थ इथे कुणाला परका नाही. तेल खाद्य, कच्चंच घ्यावं. हार्डवेअरच्या दुकानातल्या बॉइल्ड लिनसीडमध्ये लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. पातळ हात देऊन उरलेलं तेल पुसून टाकावं. पूर्ण वाळायला बरेच दिवस जातात, तोवर ताक जुन्या रवीनेच घुसळावं लागेल.

तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचं तेल वाळताना उष्णता निघते आणि गोळा केलेलं कापड आपोआप पेट घेऊ शकतं. ते बाहेर एकेरी पसरून कडक वाळवावं किंवा पाण्यात बुडवून ठेवावं. पुढच्या आठवड्यात : पटाशीची धार.