गळकी बादली आणि स्मार्ट थर्मोस्टॅट

वर्गखोलीचे तापमान भट्टीवाल्याला कळवणाऱ्या विद्युत उपकरणाचे पेटंट अमेरिकेतील विस्कॉन्सिनचे शिक्षक वॉरन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये घेतले. आजचा स्मार्ट थर्मोस्टॅट घरात कोणी नाही हे ओळखून हीटर स्वतःच मंद करतो. पण गार पडलेले घर पुन्हा तापवताना जास्त इंधन लागणार नाही का?

तळाला भोक असलेली बादली घेऊ. पाण्याची पातळी जितकी उंच, तितकी गळती जोरात. उष्णतेचेही तसेच. आतल्या व बाहेरच्या तापमानांतला फरक कमी झाला की गळती मंदावते. पातळी उतरताना न ओतलेले पाणी पुढे ओतावे लागते हे खरे. पण मधल्या वेळात जी गळती टळली, ती निव्वळ बचत! दोन बादल्या घेऊन वर्गात हे पडताळून पाहू या.