मिदी कालव्याच्या काठाने

दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्रालगतच्या ‘तो’ नावाच्या खारकच्छापर्यंत, म्हणजे वाळूच्या दांड्याने समुद्रापासून अलग झालेल्या उथळ खाऱ्या जलाशयापर्यंत, सुमारे 240 किलोमीटर लांबीचा एक मानवनिर्मित जलमार्ग द्राक्षमळे, गव्हाची शेते आणि लहान गावे यांच्यामधून वळणे घेत जातो. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत 1667 ते 1681 या काळात खोदला गेलेला हा मिदी कालवा 1996 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. त्याच्या काठाने आज सायकलस्वार आणि पदयात्री ज्या वाटेने जातात ती पर्यटकांसाठी नव्याने आखलेली नसून, मालाच्या आणि उतारूंच्या बोटी दोराने ओढणाऱ्या घोड्यांसाठी राखलेली मूळ वाट आहे. त्यामुळे येथील सायकलस्वार एका ऐतिहासिक वास्तूचाच भाग असलेल्या वाटेवरून जात असतो.

या वास्तूचे मोठेपण काठावरच्या सावलीत नाही, ते पाण्याच्या व्यवस्थेत आहे, आणि ती व्यवस्था समजून घेतल्याखेरीज येथील प्रवास अपुराच राहतो. अटलांटिक किनाऱ्यावरील बोर्दोहून भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांना स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून जावे लागे आणि त्या मार्गावर चाच्यांचे भय असे. तुलूझवरून अटलांटिककडे वाहणारी गारोन नदी आणि भूमध्य समुद्र यांना कालव्याने जोडण्याची कल्पना त्यामुळे फार जुनी होती; परंतु या दोहोंच्या मध्ये नोरूझ येथे सुमारे 190 मीटर उंचीचा जलविभाजक, म्हणजे एका बाजूचे पाणी अटलांटिककडे आणि दुसऱ्या बाजूचे भूमध्याकडे लोटणारा उंचवटा, आडवा येतो. उंचवट्यावर कालवा खोदणे अशक्य नव्हते, पण तो भरलेला ठेवणे कठीण होते, कारण माथा ओलांडणारी प्रत्येक बोट चढउतारासाठी बांधलेल्या हौदांमधून जाताना आपल्याबरोबर हौदभर पाणी दोन्ही उतारांवरून खाली नेते आणि तेवढेच पाणी माथ्यावर पुन्हा आणून सोडावे लागते. कोरड्या उन्हाळ्याच्या या प्रदेशात ते पाणी कोठून आणायचे, या प्रश्नापाशी आधीच्या योजना थांबल्या होत्या.

त्याचे उत्तर पिएर-पोल रिके याने दिले. बेझिये येथे जन्मलेला रिके स्थापत्यशास्त्र शिकलेला नव्हता. लांगदॉक प्रांतातील मिठावरील कर वसूल करण्याचा इजारा त्याच्याकडे होता आणि त्या निमित्ताने हा मुलूख त्याच्या पायाखालचा झाला होता. नोरूझच्या ईशान्येला असलेल्या मोंतान्य न्वार, म्हणजे ‘काळा डोंगर’, या पर्वतराजीतील ओढे अडवून त्यांचे पाणी समपातळीने वळणाऱ्या पाटांमधून जलविभाजकाच्या माथ्यावर आणायचे आणि तेथून ते दोन्ही दिशांना वाटायचे, ही योजना त्याने 1662 मध्ये लुईचा मंत्री कोलबेर याला पत्राने कळवली. पाणी खरोखर माथ्यापर्यंत पोहोचते हे 1665 मध्ये एक चाचणीचा चर खणून सिद्ध करण्यात आले आणि पुढच्या वर्षी राजाज्ञा निघाली. पाण्याचा साठा हुकमी असावा म्हणून सेंट-फेरेओल येथे 1667 ते 1672 या काळात दगडी भिंती आणि त्यांच्यामधील मातीचा भराव यांचे जे धरण उभारले गेले, त्याची साठवण सुमारे 63 लाख घनमीटर असून साडेतीन शतकांनंतरही ते कालव्याला पाणी पुरवते आहे.

हजारो मजुरांच्या श्रमांतून हे काम उभे राहिले, आणि त्यांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी होती. समाजशास्त्रज्ञ चंद्रा मुखर्जी यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या ‘इम्पॉसिबल इंजिनिअरिंग’ या ग्रंथात असे मांडले आहे की, पिरेनीज पर्वताकडून आलेल्या या श्रमिक स्त्रियांना डोंगरउतारावर पाणी खेळवण्याचे परंपरागत ज्ञान होते आणि कालव्याच्या अनेक अवघड जागा त्या ज्ञानामुळे सुटल्या. हे प्रतिपादन गंभीरपणे घेण्यासारखे आहे; कालव्याच्या काठी उभ्या असलेल्या स्मारकांवर मात्र रिकेचेच नाव आढळते. रिकेने मजुरांना मासिक वेतन दिले आणि पावसाचे दिवस व सणवार यांचाही पगार कापला नाही, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने असाधारण होती. स्वतःची संपत्ती त्याने या कामात ओतली, काम पूर्ण होण्यास काही महिने उरले असताना ऑक्टोबर 1680 मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेत मरण पावला आणि मे 1681 मध्ये कालव्यातून पहिला औपचारिक प्रवास झाला तो त्याच्या पश्चात.

तुलूझहून निघालेल्या सायकलस्वाराला लॉक ही रचना वारंवार भेटते. दोन भिन्न पातळ्यांच्या मध्ये बांधलेला, दोन्ही टोकांना दारे असलेला हा हौद असतो. बोट आत घेऊन त्यात पाणी भरले की ती वर चढते आणि पाणी सोडले की खाली उतरते. सुरुवातीच्या एका लॉकच्या सरळ भिंती मातीच्या दाबाने ढासळल्यानंतर रिकेने त्यांना बाहेरच्या बाजूला कमानीसारखा बाक दिला, आणि त्यातून आलेला लंबगोल आकार ही या कालव्याची ओळख बनली. नोरूझला पोहोचल्यावर डोंगरातून आलेले पाणी कालव्याला मिळताना प्रत्यक्ष दिसते. रिकेने येथे बांधलेला अष्टकोनी जलाशय गाळाने भरून गेला आणि त्या जागी आता झाडी आहे.

पुढे कास्तेलनोदारी या गावाने कालवा आपल्या वेशीतून जावा यासाठी पैसा दिला आणि त्याचे फळ म्हणून सुमारे सात हेक्टरांचा विस्तीर्ण जलाशय गावाला लाभला. दुहेरी तटबंदीच्या मध्ययुगीन नगरीमुळे ख्यातकीर्त असलेल्या कार्कासोनने मात्र खर्चाचा वाटा उचलण्यास नकार दिला, म्हणून कालवा शहराला टाळून गेला. 1810 मध्ये त्याचा मार्ग वळवण्यात आला तेव्हा कोठे शहराला बंदर मिळाले. उतारूंच्या बोटींचा रात्रीचा मुक्काम पूर्वी ज्या ले सोमाय या वस्तीत पडे, तेथील कमानदार दगडी पूल आणि त्याला लागून असलेले छोटे प्रार्थनामंदिर आजही शाबूत आहेत. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले टॉमस जेफरसन यांनी 1787 मध्ये आपली घोडागाडी बोटीवर चढवून याच मार्गाने प्रवास केला होता.

बेझियेच्या अलीकडचा मालपासचा परिसर या साऱ्या प्रवासातील सर्वांत अर्थपूर्ण ठिकाण मानावे लागेल. येथे कालवा सुमारे 165 मीटर लांबीच्या बोगद्यातून जातो, आणि बोटींसाठी खोदलेला कालव्यावरचा हा युरोपातील पहिला बोगदा समजला जातो. त्याच टेकडीच्या पोटात मोंतादीचे तळे कोरडे करण्यासाठी 13व्या शतकात खोदलेला पाण्याचा मार्ग आणि 19व्या शतकातील रेल्वेचा बोगदा असे आणखी दोन बोगदे आहेत. जवळच्या आन्सेरून टेकडीवर इसवी सनापूर्वी 6व्या शतकात वसलेल्या नगराचे अवशेष असून तेथून खाली पाहिले असता मोंतादीची शेते एका केंद्रातून फाकलेल्या किरणांसारखी मांडलेली दिसतात. बेझियेजवळ फोंसेरान येथे आठ लंबगोल हौद आणि नऊ दारे एका ओळीत बांधून बोटींना सुमारे साडेएकवीस मीटरांची चढउतार करून दिली आहे. गर्दी असली तरी येथे थांबून एक बोट पूर्ण उतरेपर्यंत पाहावे.

व्यापारी जलमार्ग म्हणून कालव्याचे वैभव रेल्वेने संपवले. बोर्दो ते भूमध्य किनाऱ्यावरील सेत हा लोहमार्ग 1857 मध्ये सुरू झाला आणि लगेच पुढच्या वर्षी कालवाच रेल्वे कंपनीला चाळीस वर्षांच्या करारावर देण्यात आला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्याच हाती त्याचे भवितव्य सोपवण्यात आले. आजचे संकट वेगळे आहे. काठावरील सुमारे 42 हजार प्लेन वृक्ष, जे बहुतांशी 19व्या शतकात लावले गेले, त्यांना एका बुरशीजन्य रोगाने ग्रासल्याचे 2006 मध्ये आढळले. त्यावर इलाज नसल्यामुळे हजारो झाडे तोडून जाळावी लागली आणि त्यांच्या जागी निरनिराळ्या जातींची रोपे लावली जात आहेत, जेणेकरून एकाच रोगाने पुन्हा सगळी रांग नष्ट होऊ नये. उघडे पडलेले काही टप्पे पाहणाऱ्याला खिन्न करतात, पण एकाच जातीवर विसंबण्याची चूक सुधारली जात आहे हे योग्यच होय.

तुलूझपासून पोर-लोरागेपर्यंतची सुमारे 50 किलोमीटरची वाट डांबरी व सपाट आहे. त्यापुढे अनेक ठिकाणी मातीची, अरुंद आणि मुळांनी उचललेली वाट लागते, म्हणून जाड टायरची सायकल घ्यावी. वायव्येकडून वाहणारा ‘सेर्स’ हा जोरदार वारा पाठीशी राहावा यासाठी तुलूझहून समुद्राकडे जाणे सोयीचे ठरते, आणि लोहमार्ग कालव्याला बराचसा समांतर असल्यामुळे कास्तेलनोदारी, कार्कासोन, बेझिये किंवा आग्द येथून आगगाडीने परतता येते. ज्यांच्या हाती एकच दिवस असेल त्यांनी कार्कासोनची तटबंदी पुढच्या खेपेसाठी ठेवावी आणि सेंट-फेरेओलचे धरण पाहून, पाटाच्या काठाने सायकल चालवत, पाण्याबरोबरच नोरूझला यावे.