भोपळ्याचा कंदील

भोपळ्यांत बसून लेकीच्या घरून परत येणारी आणि वाटेंत वाघाला चकविणारी म्हातारी आपणांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? लहानपणीं ती गोष्ट ऐकतांना वाघाचें नांव निघालें कीं आपण आजीच्या पदराखालीं शिरत असूं, आणि भोपळा गडगडत पुढें निघून गेला म्हणजे त्याच भीतीचें हसूं होई. भोपळा आणि भीति ह्यांची अशीच एक जोडी पश्चिमेकडील देशांतही आहे. मात्र तेथें भोपळ्यांत म्हातारी बसत नाहीं, दिवा बसतो. दर वर्षीं ३१ ऑक्टोबरच्या रात्रीं, जिला इंग्रजींत हॅलोवीन म्हणतात, अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, इंग्लंड इत्यादि देशांत घरांच्या पायऱ्यांवर व खिडक्यांत पोखरलेले भोपळे मांडितात. त्यांवर डोळे, नाक व तोंड कोरलेलें असतें, आणि आंतल्या उजेडानें ते चेहरे अंधारांत झळकूं लागतात. ही चाल कोठून आली, हे कंदील कसे कोरितात, आणि नेहमींच्या दांत विचकलेल्या चेहऱ्याखेरीज त्यांत आणखी काय काय साधतां येतें, हें आमच्या बालवाचकांस व त्यांच्या आईबापांस सांगावें असें आम्हीं योजिलें आहे.

कित्येक पालकांच्या मनांत येथेंच एक शंका उभी राहील. भुताखेतांचीं सोंगें घेण्याची ही रात्र. तिच्याशीं शाळेंतील मुलांना काय करावयाचें आहे? शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर आम्ही शेवटीं देऊं. आधीं त्या रात्रीचें नांव पाहूं. १ नोव्हेंबर हा पश्चिमेकडील ख्रिस्ती मंडळींत सर्व संतांचा सण होय, आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. 'हॅलो' हा संत ह्या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द. त्या संतांच्या सणाची पूर्वसंध्या ती हॅलोवीन. गोमंतकांत, मुंबईंत व वसईंत कॅथलिक कुटुंबें ह्याच २ नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलें वाहतात व मेणबत्त्या लावितात. अर्थात् ज्या दोन दिवसांच्या उंबरठ्यावर ही रात्र उभी आहे, ते दिवस आपल्या प्रांतालाही परके नाहींत.

ह्याच सुमारास आयर्लंड व स्कॉटलंड येथील प्राचीन केल्टिक लोक 'सॉविन' नांवाचा सण पाळीत असत. पीक घरांत आलेलें, गुरें डोंगरावरून खालीं आणलेलीं, आणि पुढें हिंवाळ्याच्या लांबच लांब काळ्या रात्री, असा तो वर्षाचा सांधा. त्या रात्रीं जिवंत व मृत ह्यांच्यामधील पडदा विरळ होतो अशी त्यांची समजूत होती. ती जुनी समजूत आणि ख्रिस्ती स्मरणाचे दिवस हीं दोन्हीं पुढें एकमेकांत मिसळलीं.

कंदिलाविषयीं आयर्लंडांत एक लोककथा सांगतात. जॅक नांवाचा एक लबाड व कंजूष मनुष्य होता. त्यानें प्रत्यक्ष सैतानालाच फसविलें आणि 'तुझा आत्मा मी कधींही नेणार नाहीं' असें वचन त्याच्याकडून घेतलें. पुढें जॅक मेला. त्याच्या दुष्कृत्यांमुळें स्वर्गाचें दार त्याला उघडेना, आणि दिलेल्या वचनामुळें नरकाचेंही उघडेना. सैतानानें त्याच्याकडे एक निखारा तेवढा फेंकला. तो निखारा एका पोखरलेल्या सलगमांत ठेवून जॅक तेव्हांपासून अंधारांत भटकत आहे, आणि दलदलीवर रात्रीं दिसणारे फसवे उजेड म्हणजे त्याचाच कंदील होय, असें जुने लोक म्हणत. आपल्या खेड्यांतून 'चकवा लागला' असें म्हणतात, त्याच जातीची ही गोष्ट. अशा कंदिलास इंग्रजींत 'जॅक-ओ-लँटर्न', म्हणजे कंदीलवाला जॅक, असेंच म्हणतात.

गोष्टींत भोपळा नसून सलगम आहे, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. आयर्लंड व स्कॉटलंड येथें खरोखरच सलगम पोखरून त्यांत मेणबत्तीचा तुकडा लावीत असत. इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत हिंटन सेंट जॉर्ज ह्या गांवीं तर गुरांना घालावयाच्या मोठ्या बीटाचे कंदील करीत, व ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारीं मुलें ते घेऊन मिरवीत. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मेयो परगण्यांतील शाखेंत अशा एका सलगमाचा प्लास्टरचा ठसा ठेविलेला आहे. डोनेगाल परगण्यांतील एका शाळामास्तरीण बाईंनीं १९४३ मध्यें तें सलगम संग्रहालयास दिलें. त्याचा चेहरा पाहिला तर आजचे भोपळे त्यापुढें अगदीं सौम्य वाटतात. खोल गेलेले डोळे आणि वेडेवांकडे दांत असें तें एक सुकलेलें मुंडकेंच दिसतें.

मग सलगमाचा भोपळा कसा झाला? १८४५ पासून १८५२ पर्यंत आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ झाला. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं, आणि निदान तितकींच देश सोडून गेलीं. त्यांतील बहुसंख्य लोक समुद्र ओलांडून उत्तर अमेरिकेंत उतरले. आपले सण त्यांनीं बरोबर नेले. तेथें भोपळा मुबलक होता, आणि तो कोरून त्यांत दिवा लावण्याचा खेळही मुलांना आधींच ठाऊक होता. जॉन ग्रीनलीफ व्हिटियर ह्या अमेरिकन कवीनें भोपळ्यावरील आपल्या कवितेंत स्वतःच्या लहानपणचे असे चेहरे आठविले आहेत. सलगम लहान, भरीव व पोखरण्यास कठीण. भोपळा मोठा, मऊ आणि आंतून मुळांतच पोकळ. कॅनडांतील किंग्स्टन गांवच्या एका वर्तमानपत्रानें १८६६ च्या हॅलोवीनचें वर्णन करितांना मुलांनीं कोरलेल्या भोपळ्यांचा व त्यांतील दोन इंची मेणबत्त्यांचा उल्लेख केला आहे. भाकरीसाठीं देश सोडावा लागला तरी लोकांनीं दिवा सोडला नाहीं. त्याचें भांडें मात्र बदललें.

भोपळा हें फळ मूळचें अमेरिकेचेंच. मेक्सिकोंतील ओआहाका प्रांतांत एका गुहेंत लागवडीच्या भोपळ्याच्या बिया सांपडल्या आहेत, त्या सुमारें दहा हजार वर्षांपूर्वींच्या ठरल्या आहेत. आपल्या भाजीबाजारांतील तांबडा भोपळाही त्याच खंडाचा. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर तो जुन्या जगांत आला. दुधी भोपळ्याचें कुळ मात्र वेगळें आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. भोपळा कठीण, बिनडागी, सपाट बुडाचा व शाबूत देठाचा निवडावा. पुष्कळ लोक देठाभोंवतीं झांकण कापतात. तसें करावयाचें असल्यास सुरीचें टोंक मध्याकडे कललेलें ठेवावें, म्हणजे झांकण निमुळतें होतें व आंत पडत नाहीं. परंतु बूड कापणें अधिक सोयीचें. दिवा बशींत ठेवून वरून भोपळा बसवितां येतो. नंतर बिया व तंतु काढून, ज्या बाजूस चित्र कोरावयाचें तिची भिंत सुमारें एक इंच जाडीची होईपर्यंत चमच्यानें खरवडावी. भिंत जाड राहिली तर करवत अडते व उजेड कोंडतो. फार पातळ झाली तर चित्र लवकर सुरकुततें. चित्र कागदावर काढून तो कागद भोपळ्यावर चिकटवावा, आणि रेघांवरून टांचणीनें टोंचे पाडावे. कागद काढला म्हणजे सालीवर ठिपक्यांची वाट दिसते. तिच्यावरून बारीक दांतांची अरुंद करवत हलक्या हातानें चालवावी. मधले व नाजूक भाग आधीं कापावे, मोठे मागाहून. कारण मोठें भोंक पडलें कीं भिंतीचें बळ कमी होतें.

ह्या कलेचा मुख्य नियम एकच आहे. चित्रकार कागदावर रेघ घालतो. कोरणारा असलेलें काढून टाकतो. म्हणून काय कापावें ह्याच्या आधीं काय राखावें ह्याचा विचार त्याला करावा लागतो. जो भाग चोहोंकडून कापला गेला तो गळून पडणारच. मराठी मुलानें 'ठ' हें अक्षर नुसत्या रेघेनें कोरून पाहावें. मधला गोल आंत पडेल आणि वाटोळें भोंक तेवढें राहील. त्या गोलाला बाहेरच्या सालीशीं जोडणारा एक लहानसा पूल राखला तरच अक्षर ओळखूं येतें.

एवढें साधलें म्हणजे कल्पनेला वाव पुष्कळ. सर्वांत सोपा प्रकार ताऱ्यांचा: लहानमोठ्या गिरमिटानें भोंकें पाडीत गेलें कीं भोपळा हाच आकाश होतो, आणि सप्तर्षि किंवा मृग त्यावर हुबेहूब मांडतां येतो. दुसरा प्रकार तीन छटांचा: कांहीं ठिकाणीं साल तशीच ठेवावी, कांहीं ठिकाणीं फक्त साल तासून गर उघडा करावा, आणि कांहीं ठिकाणीं आरपार कापावें. दिवा लागला म्हणजे सालीचा भाग काळा, गराचा भाग मधासारखा तांबूस, आणि भोंकाचा भाग लख्ख दिसतो. ह्या रीतीनें घुबडाचीं पिसें, गलबताचीं शिडें, किंबहुना माणसाचा चेहराही उठवितां येतो. तिसरी युक्ति देठाची: भोपळा आडवा ठेवला कीं वांकडा देठ हेंच नाक बनतें, आणि एक खाष्ट म्हातारा आपल्याकडे पाहूं लागतो. चौथी गंमत दोन भोपळ्यांची: मोठ्याच्या आ वासलेल्या तोंडांत घाबरलेल्या चेहऱ्याचा लहानगा भोपळा बसवावा. पांचवी सांवल्यांची: पुढें चेहरा कोरावा, मागें भिंतीच्या बाजूस वटवाघळें किंवा झाडाच्या फांद्या कोराव्या, दिवा लागतांच भिंतीवर दुसरेंच चित्र उमटतें. कोणी ओळीनें लहान चौकोनी खिडक्या पाडून रात्रीचें गांव उभें करितात. न्यू हॅम्पशायर संस्थानांतील कीन गांवीं २०१३ मध्यें ३०,५८१ भोपळे एकाच वेळीं उजळले होते; त्यांतील प्रत्येकावर कोणाचा ना कोणाचा हात फिरला होता.

न कोरतां करावयाचाही एक प्रकार आहे. ज्या मुलांना शेंगदाणे, दूध इत्यादि पदार्थ बाधतात त्यांना त्या रात्रीं दारोदार मिळणारा खाऊ खातां येत नाहीं. म्हणून २०१४ पासून अमेरिकेंत एक मोहीम चालू झाली: ज्या घरीं खाऊऐवजीं खेळणें किंवा पेन्सिल मिळेल, त्या घरानें दारांत हिरवट निळ्या रंगाचा भोपळा ठेवावा. असा भोपळा पाहिला कीं त्या मुलाला कळतें कीं येथें आपलीही आठवण ठेविली आहे.

थोडी सावधगिरीही सांगितली पाहिजे. करवत व सुरी वडील माणसांच्या देखरेखीखालींच हातीं घ्यावी. लहानांनीं चित्र काढावें व बिया काढाव्या. उघड्या ज्योतीजवळ सैल कपड्यांनीं जाऊं नये; विजेरीवरचा लहान दिवा सर्वांत बरा. कापलेल्या कडांना व्हॅसलीन चोळलें तर त्या लवकर सुकत नाहींत, आणि कोमेजलेला भोपळा थंड पाण्यांत बुडवून ठेविला तर कांहीं काळ टवटवीत होतो. तरीही बुरशी थोड्याच दिवसांत त्याला गांठते. म्हणून एकदोन दिवस आधींच कोरावा. आणि अन्न वायां घालवूं नये. बाजारांतील तांबडा भोपळा कोरला तर खरवडलेल्या गराचे घारगे होतात, व बिया भाजून खातां येतात. दुष्काळानें ज्यांची ही चाल देशांतराला नेली, त्यांच्या स्मृतीला उकिरड्यावर टाकलेला गर शोभणार नाहीं.

आतां पालकांच्या शंकेचें उत्तर. मूल अंधाराला भितें, कारण अंधारांत काय आहे तें त्याला दिसत नाहीं. त्यास 'भिऊं नकोस' असें शंभर वेळां सांगून भागत नाहीं. परंतु त्याच मुलाच्या हातीं भोपळा द्या आणि म्हणा, 'तुला ज्याची भीति वाटते त्याचें तोंड काढ.' तें डोळे आंखील, दांत मोजील, नाक तिरपें झालें म्हणून हंसेल. ज्या राक्षसाच्या पोटांतील बिया आपण स्वतः चमच्यानें काढल्या, त्याला कोण भिणार? भुतांवर विश्वास ठेवावयास लावणारा खेळ मुलांस देऊं नये, हें आम्हांस मान्य आहे. हा खेळ, नीट खेळला तर, त्याच्या उलट शिकवितो.

२०२४ मध्यें ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती. त्या रात्रीं अमेरिकेंतील एखाद्या मराठी घराच्या पायरीवर पणती आणि भोपळा शेजारीं शेजारीं तेवत असतील तर त्यांत नवल नाहीं. आणि दोनच दिवसांनीं आपल्याकडील दफनभूमींत मेणबत्त्या लागल्या. ज्या मुलानें आदल्या आठवड्यांत भोपळ्यांत दिवा ठेविला असेल, त्याला आजोबांच्या थडग्याजवळ संध्याकाळीं उभें राहण्याची भीति वाटावयाची नाहीं. वारा आला तर तें मेणबत्तीभोंवतीं हाताचा आडोसा धरील.