भरून येऊं नये अशी जखम

जखम लवकर भरावी असें प्रत्येकास वाटतें. परंतु काचबिंदूच्या शस्त्रक्रियेची जखम पुरती भरून आली, तर शस्त्रवैद्याचे सारे श्रम वायां जातात. असें कां?

डोळ्याच्या पुढील भागांत एक निर्मळ द्रव सतत पाझरतो आणि बुबुळाच्या कडेच्या सूक्ष्म जाळींतून निघून जातो. ती वाट अडली कीं दाब वाढतो व डोळ्यांतून मेंदूकडे जाणारी मज्जा झिजते. गेलेली दृष्टि परत येत नाहीं. थेंबांनीं दाब उतरला नाहीं, तर शस्त्रवैद्य द्रवाला नवी वाट काढून देतात. आपल्याच देशांत, मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयांत, डॉ. एलियट यांनीं १९०९ सालीं डोळ्याच्या पांढऱ्या कवचास बारीक भोंक पाडण्याची रीत अंगीकारली. आज रूढ असलेली रीत इंग्लंडांतील डॉ. केर्न्स यांनीं १९६८ सालीं वर्णिली.

आमच्या कोलशेतच्या खाडीकांठीं चर खणला, तर गाळ सांचून तो बुजतो. डोळ्यांतही तसेंच घडतें. शरीर नव्या वाटेला जखमच समजतें, तंतु विणून तेथें वण धरतें आणि दाब पुनः चढतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळीं मायटोमायसिन या औषधांत भिजविलेला बोळा तेथें कांहीं मिनिटें ठेवतात. मूळ कर्करोगावरचें हें औषध पेशींची वाढ रोखतें. मात्रा कमी पडली तर वण धरतो. अधिक झाली तर वरचें आवरण पातळ होऊन द्रव गळतो व जंतु शिरतात. शिवाय बोळा मिनिटांचा, आणि वण धरण्याची क्रिया आठवड्यांची, महिन्यांची!

यावर उपाय म्हणून औषधानें भारलेलें इवलेंसें रोपण त्या जागींच बसवावें आणि त्यांतून औषध थोडें थोडें, दीर्घकाळ झिरपत राहावें, असा संशोधकांचा प्रयत्न आहे. दाब उतरविणारें औषध सोडणारें एक रोपण अमेरिकेंत २०२० सालीं मान्य झालें. वण रोखणारीं रोपणें मात्र अद्यापि प्रयोगाच्या पायरीवर आहेत.

तोंवर रुग्णानें काय करावें? पट्टी सुटली म्हणजे काम संपलें, असें समजूं नये. सांगितलेले थेंब नेमानें घालावे आणि बोलावतील त्या दिवशीं तपासणीस जावें. टांका केव्हां सैल करावयाचा, वण सुईनें केव्हां मोकळा करावयाचा, हें वैद्यांस तपासल्यावांचून कळत नाहीं. घरांतील वडील मंडळी म्हणतात, “दुखत तर नाहीं, मग जायचें कशाला?” त्यांस सांगावें कीं, हा दाब बहुधा न दुखतांच चढतो.